सरांनी सोडलेलं वांगं

लोहाऱ्यात योगीराज सर दोन गोष्टींसाठी ओळखले जायचे. ते हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि त्यांनी वांगं सोडलं होतं. भूगोलाबद्दल गावाचं काही खास मत नव्हतं, पण वांग्याबद्दल आदर होता. आपल्या भागात काहीतरी सोडलेल्या माणसाला पंगतीत मान असतो. वाढपी बादली घेऊन त्याच्यासमोर थबकतो, "सरांना चालत न्हाय" असं चार पानांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगतो, आणि शेजारी बसलेला माणूस अपराधी चेहऱ्यानं आपल्या पानातलं वांगं भाताखाली ढकलतो.

वांगं सोडलं ते लेकीपायी, समृद्धीपायी. पोरगी दीड वर्षाची असताना न्यूमोनियानं सोलापूरच्या दवाखान्यात पडली होती. तेव्हा सरांनी सोनारीच्या भैरोबाला मनातल्या मनात सांगितलं, की पोरीला वाचव, जन्मात वांग्याला तोंड लावणार नाही. पोरगी वाचली. इथपर्यंत सगळं रीतसर होतं. एवढं तर निम्म्या तालुक्यानं कधी ना कधी केलेलं असतं.

सरांची बायको राजेश्वरी बी. ए. झालेली होती. काहीतरी बिनसलंय हे तिच्या ध्यानात आलं ते पेरूपासून. थोरले दीर आण्णासाहेब यांना बैलानं ढुशी मारली आणि सरांनी पेरू सोडला. आईच्या मोतीबिंदूत शनिवारचं दही गेलं. राजेश्वरी स्वतः एकदा पायरीवरून घसरली, तिला नुसतं खरचटलं आणि सरांची बोरं गेली. पुढं पुढं कुणी आजारी पडायचीही गरज उरली नाही. 'आण्णाला काही झालं तर' एवढा विचार मनात आला की सर काहीतरी सोडून द्यायचे. त्यात हिरवा शर्ट गेला, पश्चिमेकडं पाठ करून बसणं गेलं. गावाला ते दरवर्षी जास्तच देवभोळे वाटत राहिले.

जेवायला बसताना सर विचारायचे, "यात वांगं न्हाय ना?" राजेश्वरीनं "न्हाय" म्हणायचं. "नक्की?" "नक्की." "देवाशपथ?" "देवाशपथ." असं तीनदा व्हायचं, तेही त्याच शब्दांत. मध्येच तिला ठसका लागला किंवा ती "न्हाय"च्या जागी "न्हाय हो" म्हणाली, की पहिल्यापासून सुरू. अकरा वर्षं ती हे दोन्ही वेळा म्हणत होती. फोनवर माहेरच्यांशी बोलता बोलताही तिला ते जमायचं. माहेरच्यांनाही सवय झाली होती. ते तेवढ्या वेळात थांबायचे आणि मग पुढचं बोलायचे.

मग सरांच्या मनात आलं, की मसाल्याचा कांदा ज्या विळीवर चिरला त्या विळीवर आधी वांगं चिरलं असलं तर? मसाला बंद झाला. नंतर विळीच बंद झाली. शेवटी सर भाकरी, मीठ आणि वरणाचं पाणी यांवर आले आणि त्यांचं वजन एकोणपन्नास किलो भरलं.

समृद्धी तोवर वीस वर्षांची होऊन सोलापूरला नर्सिंग शिकत होती. गणपतीच्या सुट्टीत आली, दोन दिवस बापाचं जेवण बघितलं आणि आईला बाजूला घेऊन म्हणाली, "मम्मी, ही भक्ती न्हाय. हा आजार आहे आणि त्याला गोळी असते."

उमरग्याला एक मनोविकाराच्या डॉक्टरीणबाई होत्या. गावात मात्र सरांचा गुडघा दाखवायला चाललो असं सांगावं लागलं, कारण गुडघ्याला आपल्याकडं इज्जत आहे. डॉक्टरीणबाईंनी तासभर ऐकून घेतलं. आजाराचं नाव सांगितलं, उदासपणावर देतात त्याच जातीची एक गोळी सुरू केली आणि म्हणाल्या, की ही हळूहळू वाढवायची, गुण यायला दोन-तीन महिने लागतील. मग राजेश्वरीकडं वळल्या. तिला वाटलं आता पथ्य सांगणार. तर त्या म्हणाल्या, "पथ्य तुम्हालाच आहे. त्यांनी विचारलं तर उत्तर द्यायचं नाही."

अकरा वर्षांची सवय मोडणं राजेश्वरीला सरांइतकंच जड गेलं. पण गोळीनं काम केलं. दिवाळी झाली आणि एका सकाळी सर पानावर बसले, काही न विचारता पहिला घास घेतला आणि चावू लागले. राजेश्वरीच्या तोंडात "न्हाय" तयारच होतं. तेवढ्यात दारात गवळ्यानं "दूध घालू का?" विचारलं आणि ते त्याला गेलं. त्या दिवशी घरात काळा चहा झाला आणि सरांनी तोही मिटक्या मारत प्यायला. वजन वाढलं. मसाला परत आला. सर जेवताना क्रिकेटबद्दल बोलू लागले, आणि आपल्या नवऱ्याला क्रिकेटमधलं काही कळत नाही हे लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर राजेश्वरीला समजलं.

फक्त सर विसरायला लागले.

शाळेत मोटारसायकलवर जायचे आणि चालत यायचे. मग मोटारसायकल आणायला चालत जायचे आणि तिथं कुणीतरी भेटलं की परत चालतच यायचे. मुख्याध्यापकांना त्यांनी एकदा आधीच्या मुख्याध्यापकांच्या नावानं हाक मारली. गावासाठी लंगडायचं ठरलं होतं, त्यात कधी डावा पाय लंगडायचा तर कधी उजवा. आता दोन्ही गुडघे गेले म्हणून लोक हळहळायचे.

मग येळवस आली. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं गावात चिटपाखरू राहत नाही, सगळे आपापल्या रानात जेवायला जातात. आण्णासाहेबांच्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपीच, उभी केली होती, पूजा झाली, आंबिलाचा माठ उघडला, आणि तुरीच्या ओळींच्या कडेला पंगत बसली. सरांची आई तुळजाबाई भरीत वाढत होती. ती सरांना चुकवून पुढं गेली, तशी सरांनी हाक मारली, "आई, मला इसरलीस की."

तुळजाबाईच्या हातातला डाव तिथंच थांबला. पंगतीतली सात माणसंही थांबली. अठरा वर्षांत जे झालं नव्हतं ते होत होतं आणि ज्याच्या बाबतीत होत होतं त्याला त्याचा गंधच नव्हता. सरांना खरोखर आठवत नव्हतं, की आपण वांगं खात नाही.

राजेश्वरीनं सासूकडं बघितलं आणि मान हलवली, वाढा. तुळजाबाईनं वाढलं. सरांनी बाजरीच्या वाफवलेल्या उंड्यासंगं ते खाल्लं, बोटं चाटली आणि आण्णासाहेबांच्या बायकोला म्हणाले, "वैनी, काय भरीत झालंय." मग परत मागून घेतलं. एवढं होऊन आभाळ कोसळलं नाही, फक्त आण्णासाहेबांना उचकी लागली.

परतताना सर पुढं चालत गेले, तेव्हा बैलगाडीत राजेश्वरीनं सगळ्यांना बजावलं, की यातलं एक अक्षर त्यांच्या कानावर जाता कामा नये. तिचं गणित सोपं होतं. सरांना कळलं की ते हादरणार, गोळीनंच घात केला म्हणून गोळी बंद करणार, आणि मग परत एकोणपन्नास किलो. बावीस वर्षांनी घरात एक माणूस आला होता. त्याला ती एका वांग्यापायी परत घालवणार नव्हती.

पण तुळजाबाईला झोप लागेना. तिच्या लेकानं नातीच्या जिवासाठी सोडलेलं वांगं तिनं स्वतःच्या हातानं वाढलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती समृद्धीला दिवसातून तीनदा फोन करू लागली. खोकला न्हाय ना? ताप न्हाय ना? नक्की? समृद्धीनं आईला फोन करून विचारलं, की मम्मी, गोळी आज्जीलापण द्यायची राहिली का?

राजेश्वरी अशी भित्री नव्हती. तिनं समृद्धीला फक्त एकदाच फोन केला, तोही दुसऱ्याच कामासाठी, आणि ते काम काय हे तिला फोन लागल्यावर सुचेना. पोरगी ठणठणीत होती. मग राजेश्वरीची भीड चेपली. तिनं डब्यात पेरूच्या फोडी घातल्या. डबा रिकामा आला. शनिवारी दही लावलं, ते गेलं. संक्रांतीच्या वाणातली बोरं सरांनी बसल्या जागी संपवली आणि बिया अंगणात कुठवर जातात ते बघत बसले. तीन आठवड्यांच्या आत निम्मी बंदी उठली. हिरवा शर्ट तिनं इस्त्री करून वर ठेवला.

एका सकाळी सर शाळेला निघता निघता थांबले आणि ओट्यापाशी येऊन उभे राहिले.

"काल वर्गात कृष्णेचा उगम सांगता आला न्हाय मला," ते म्हणाले. "पंचवीस वर्षं शिकवतोय. पोरं हसली. मीपण हसलो."

"नकाशात बघून सांगायचं की."

"त्याचं काय न्हाय गं. पण परवा फोनवर समृद्धी बोलत होती आणि मला तिचंच नाव आठवंना. दोन मिनिटं बाळ बाळ करून बोललो." त्यांनी हातातला रुमाल घडी करून परत उलगडला. "उद्या ती समोर आली आणि तिला वळखलंच न्हाय तर?"

यातलं भय खरं होतं. आजाराचं नव्हतं. अकरा वर्षं ऐकल्यावर राजेश्वरीला हा फरक कळत होता. चार दिवसांनी उमरग्याची तारीख होती. डॉक्टरीणबाई विचारणार, विसरतात का, आणि तिनं "थोडंफार" म्हटलं असतं तर गोळी तशीच राहिली असती आणि वांगंही. खरं सांगितलं तर गोळी कमी होणार. मग कृष्णा परत येईल, लेकीचं नाव येईल आणि मागोमाग सगळं सोडलेलंही परत येईल. चार दिवस ती हेच गणित करत राहिली. एकदा भाजीत दोनदा मीठ पडलं. सरांनी ती भाजी तक्रार न करता खाल्ली, त्यामुळं तिला आणखीच वाईट वाटलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "कधीमधी विसरतो." बाईंनी राजेश्वरीकडं बघितलं.

तिनं सगळं सांगितलं. मोटारसायकल, मुख्याध्यापक, समृद्धीचं नाव. मग तिथंच न थांबता म्हणाली, "आणि येळवशीला यांनी वांग्याचं भरीत खाल्लं. दोनदा वाढून घेतलं. मी बघत होते. नंतर पेरू, बोरं, दही मीच दिलं."

सरांचा चेहरा उन्हात ठेवलेल्या कागदासारखा झाला. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"येळवशीला किती दिवस झाले?"

"पंचवीस."

सर खुर्चीत पुढं सरकले. "मग समृद्धी..." राजेश्वरीनं तोंड उघडलं, तसा बाईंनी हात वर केला. सांगू नका.

मग त्यांनी समजावलं. काहींना या गोळीनं असं मंदपण येतं, ती थोडी कमी करू, महिन्यानं बघू, मनानं बंद मात्र करायची नाही. डोकं निवळेल तशी शंकाही डोकं वर काढेल. ती आली तर येऊ द्यायची. उत्तर मागायचं नाही, कुणी द्यायचं नाही. ती आपली आपण उतरते, फक्त वेळ लावते. "आजच येईल," बाई म्हणाल्या. "बहुतेक जीपमध्येच."

काळ्या-पिवळ्या जीपमध्ये लोहाऱ्याच्या वाटेला तेरा माणसं होती. मागं समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघे लागत होते. जीप हायवे सोडून आत वळली आणि सर म्हणाले, "राजेश्वरी, समृद्धी बरी असंल ना?"

राजेश्वरी उसाकडं बघू लागली.

"बरी असंल ना गं?"

समोर रुद्रम्मा नावाची म्हातारी मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. लेकीकडं चालली होती. तिला राहवलं नाही. "असंल की, गुरुजी. का नसंल?"

सर तिच्याकडं असे वळले, जसा उन्हातून आलेल्याला माठ दिसावा. "नक्की?"

"नक्की बघा."

"देवाशपथ?"

"देवाशपथ," म्हातारी म्हणाली आणि गळ्यातलं लिंग हातात धरलं.

"मावशी, सांगू नका त्यांना," राजेश्वरी म्हणाली.

झालं. जीपच बिथरली. बाप लेकीची चौकशी करतोय आणि आई बाहेर बघत बसलीय. कोपऱ्यातले खतदुकानवाले कल्याणप्पा खिशातून फोन काढून म्हणाले, नंबर सांगा सर, आत्ता लावतो. पुढून ड्रायव्हर रणधीरनं गाणं बंद केलं आणि आरशातून विचारलं, की पोरगी कुठल्या दवाखान्यात आहे, नेऊन सोडू का. एका बाईनं तर सावत्र असंल, असं शेजारणीच्या कानात सांगितलं. ते सगळ्यांना ऐकू गेलं.

राजेश्वरीच्या ओठांवर गुडघ्याचं कारण आलं होतं. पण गुडघ्यानं यातलं काहीच भागणार नव्हतं. तिनं पदर खोचला आणि बाकीच्या बारा माणसांना, त्यात सरही आलेच, सगळं सांगितलं. वांगं, पेरू, विळी, गोळी, येळवस. "शहाणे आहेत ते. डोक्यात एकच शंका अडकून बसते. उत्तर दिलं की ती खाऊन-पिऊन अजून माजते. म्हणून मी बोलत न्हाय. मला हौस न्हाय."

मग कल्याणप्पा म्हणाले, "मग मलाबी हाय की हे. म्या दुकानाचं कुलूप तीनदा ओढतो." त्याबरोबर आजार जीपभर पसरला. एकीला गॅस बंद केला की नाही असं वाटायचं, एकाला मोटरचा स्टार्टर. राजेश्वरीनं कल्याणप्पांना विचारलं, "कुलूप ओढून तुम्ही उमरग्याला पोचला न्हवं?"

"पोचलो की."

"हे पोचले नसते. अकरा वर्षं हे कुलपापाशीच उभे होते."

रुद्रम्मानं तेवढं विचारून घेतलं, की भरीत काळ्या वांग्याचं होतं का हिरव्या. काळ्या म्हटल्यावर तिनं गंभीरपणे मान हलवली.

सर आतापर्यंत पायाकडं बघत होते. कपाळावर घाम होता. ते हळूच म्हणाले, "मावशी, मी आता परत इचारणार. मला म्हाईत आहे मी इचारणार. तुमी सांगू नका. कुणीच सांगू नका."

आणि त्यांनी विचारलं, "समृद्धी बरी असंल ना?"

जीपनं शब्द पाळला. आपल्याकडं कुणी वाट विचारली तर माहीत नसतानाही सांगतात. अशी माणसं खचाखच भरलेली, आणि कुणी उत्तर देईना. कल्याणप्पांनी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. रुद्रम्मानं पदराचा बोळा तोंडात धरला. सर विचारत राहिले. पहिल्यांदा श्वासाश्वासाला, मग खड्ड्याखड्ड्याला, मग नुसते ओठ हलू लागले. त्यांचा हात राजेश्वरीच्या मनगटावर होता आणि ते मनगट चांगलंच दुखत होतं, पण तिनं ते हलवलं नाही.

पुढं रस्त्यात उसाची ट्रॉली कलंडली होती. रणधीर उतरला, चौघं उतरले, सरही उतरले. मोळ्या बाजूला ओढायला अर्धा तास गेला. सर परत येऊन बसले ते धापा टाकत, सदऱ्याला पाचट चिकटलेलं, आणि ट्रॉलीवाल्यानं चाकाखाली दगड का लावला नाही यावर कल्याणप्पांशी वाद घालत. वाद चांगला रंगला. रुद्रम्माचा फाटा दिसायला लागला तेव्हा सर मध्येच थांबले आणि बायकोकडं वळले.

"मघाशी मी काय इचारत होतो गं?"

हे गोळीनं केलं का शंका आपली आपण उतरली, राजेश्वरीला सांगता आलं नसतं. डॉक्टरीणबाईंनाही आलं असतं का, कुणास ठाऊक. पण तो प्रश्न बाकी बारा जणांना आता तोंडपाठ होता. सगळ्यांनी एकदम खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. ज्यांना खिडकी नव्हती त्यांनी टपाकडं बघितलं.

"काय न्हाय," राजेश्वरी म्हणाली. "पाय घ्या आत, मावशींना उतरायचंय."

रुद्रम्मा पिशवी सावरत उतरली. तोंडातला बोळा अजून तसाच होता. सरांनी तिला नमस्कार केला, तिनं नुसता हात हलवला आणि मुकाट्यानं बाजूला झाली. फाट्यावर एक अनोळखी बाई भाजीची पाटी घेऊन उभी होती. जीप सुटली. मागच्या काचेतून राजेश्वरीला दिसलं, की म्हातारीनं पदर तोंडातून काढला, त्या बाईचा दंड धरला आणि तिला इतका वेळ अडवून धरलेलं उत्तर ठासून, परत परत, देवाशपथ सांगायला सुरुवात केली. त्या बाईनं पाटी खाली ठेवली होती आणि ती व्हय व्हय म्हणत होती.